अनेक हातांचं सूत, एक घोंगडी : खासबागेतल्या कताई गटाच्या नोंदी

आमचा गट शनिवारी दुपारी बेळगावच्या खासबागेत एका घराच्या सोप्यात बसतो. कुणी टकळी फिरवतं, कुणी पेटीचरखा, कुणी क्रोशाचं घेऊन येतं. बोलणं अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात. शेजारच्या घरात यंत्रमाग चालू असतात, त्यामुळे जरा ओरडूनच बोलावं लागतं. एरवी ज्याचं काम त्याच्याजवळ. यंदा ठरवलं की कातरलेली लोकर आणायची, सगळ्यांनी कातायची आणि माळ्यावर पडून असलेल्या जुन्या हातमागावर एक बैठकीची घोंगडी विणायची. असं कुणाला करायचं असेल तर आम्ही कुठे कुठे अडकलो ते आधीच कळावं, म्हणून ह्या नोंदी. धुणं-पिंजणं कसंही निभतं. सगळ्यात वेळ खाल्ला तो वेगवेगळ्या हातांचं सूत एका ताण्यात, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांत, बसवण्यानं.

८ नोव्हेंबर २०२५

हुक्केरीकडच्या एका मेंढपाळाकडून लोकर आणली. ५ किलो २०० ग्रॅम, बहुतेक काळी, थोडी करडी. लोकरीचे पैसे घ्यायला तो तयारच नव्हता. "नेतासा तर न्या, न्हाईतर बांधावर टाकायची," म्हणाला. कातरणाऱ्याची मजुरी आम्ही दिली, वर टेम्पोचं भाडं. दोन्ही मिळून ७५० रुपये. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, कपड्याच्या गिरणीला नको असते. बाजारात यंत्राची ब्लँकेटं स्वस्तात मिळायला लागल्यापासून तिला विचारणारे कमी झाले. एका मेंढीच्या अंगावरून एका कातरणीत अर्धा किलोसुद्धा निघत नाही, हे लक्षात ठेवून आधी बोलून ठेवा.

कातरण्याआधी मेंढ्या ओढ्यात धुतल्या होत्या का, हे विचारा. आमच्या धुतल्या होत्या, त्यामुळे पुढचं काम निम्मं झालं. पोटाखालची आणि पायांची लोकर तिथेच बाजूला काढली. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, फार मऊ असते. ती मागितली तर पिशवीभरच मिळाली. ती वेगळी ठेवली आहे, ह्या कामात घालणार नाही.

१५ नोव्हेंबर

कोमट पाणी आणि रिठे. लोकर पाण्यात दाबायची, चोळायची नाही. नव्या दोघींनी कपड्यासारखी खसखसून धुतली, तेवढ्या भागाच्या गुठळ्या झाल्या. सुकल्यावर वजन ३ किलो ९००.

कुसळं मात्र धुण्यानं निघत नाहीत. गोखरू आणि गवताची कुसळं एकेक करून हातानं वेचावी लागली, त्यात अख्खा पुढचा शनिवारही गेला. वेचताना गप्पा भरपूर झाल्या, हे खरं. पण कुणी 'लोकर धुवून झाली की कातायला घ्यायची' असं सांगत असेल तर त्यानं कधी माळावर चरणाऱ्या मेंढीची लोकर बघितलेली नाही.

२९ नोव्हेंबर

पिंजणं. लोकर विंचरायचे तारेचे हातब्रश बाहेरून मागवायचे तर जोडीला फार पैसे पडतात. कुत्र्याचे केस विंचरायचे तारेचे ब्रश दुकानात मिळतात, ते चार घेतले, ८४० रुपये. थोड्या लोकरीला ठीक. किलोभर झाल्यावर दोन ब्रशांच्या तारा वाकल्या.

मग गटातल्या एकीच्या सासूबाई आल्या. मेंढ्या पाळणाऱ्या कुरबर समाजातल्या, वय सत्तरीच्या पुढे, माहेरी लोकरीचंच काम. घरातली जुनी धनुकली, म्हणजे पिंजायचं धनुष्य, त्यांनी आणली, तिला नवी तात (दोरी) ओवून घेतली आणि चटईवर बसून सपासप पिंजायला लागल्या. आमच्या ब्रशांचं सबंध दुपारचं काम त्यांनी चहा व्हायच्या आत उरकलं. धनुकलीनं लोकर मोकळी होतेच, शिवाय आखूड, ठिसूळ केस आणि माती खाली झडते. पिंजून उरली ३ किलो १००. तोंडाला फडकं बांधा. आम्ही बांधलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या नाकातून काळं येत होतं.

६ डिसेंबर

कताई सुरू. ज्यांच्याकडे पेटीचरखा आहे त्यांना वाटत होतं की आपणच पुढे राहू. झालं उलट. पेटीचरखा कापसासाठी केलेला. चाती, म्हणजे सूत वळणारी फिरती सळई, इतक्या वेगानं फिरते की जाड लोकरीला नको तेवढा पीळ बसतो, धागा सैल सोडला की आकडे पडतात. टकळीवाल्या मजेत होत्या.

यावर उपाय सापडला तो असा : चातीवरच्या ज्या लहान चाकावरून माळ, म्हणजे चरख्याची दोरी, जाते, त्याच्या खाचेत शिवणाचा दोरा घट्ट गुंडाळून ते चाक जाड केलं. चाक जाड झालं की चाती मंद होते. दोरा कितपत गुंडाळायचा ते पाहत पाहत ठरवावं लागतं. जास्त झाला तर माळ खाचेतून निसटते. वर गुंडाळलेला दोरा फेव्हिकॉलनं बसवला.

धनुकलीवाल्या आजींनी सगळ्यांचं सूत हातात घेऊन बघितलं. माझं बघून म्हणाल्या, "ह्ये सूत न्हवं गे, दावं वळलंस." बाकीच्यांनाही असंच काहीबाही मिळालं, त्यामुळे बरं वाटलं.

२० डिसेंबर

मोजणी. ताण्याला ४४ इंच रुंदी, इंचाला १० धागे, म्हणजे ४४० धागे. घोंगडी २ मीटर ४० सेंटिमीटर धरली आणि मागाला बांधायला, टोकांना, आखडायला म्हणून ताणा ३ मीटर २० सेंटिमीटर. एकूण १,४०० मीटरच्या वर सूत नुसत्या ताण्याला. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, साधारण ९५० मीटर. आज सगळ्यांचं मिळून १,७०० मीटर भरलं.

हे मोजताना काकांनी विषय काढला. आमच्यापैकी एकट्या त्यांनीच आयुष्य मागावर काढलंय. हातमाग गेला तसे यंत्रमागावर गेले. १९२४ च्या डिसेंबरात इथेच टिळकवाडीकडे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झालेले तेवढं एकच अधिवेशन. त्यात ठरलं की सभासदानं वर्गणी म्हणून महिन्याला २,००० यार्ड सूत द्यायचं, स्वतः कातलेलं, नाहीतर दुसऱ्याकडून कातून घेतलेलं. २,००० यार्ड म्हणजे १,८०० मीटरच्या वर. आम्ही सगळ्यांनी मिळून पंधरवड्यात एका सभासदाचीही वर्गणी भरली नव्हती. अर्थात तिकडे कापूस, इकडे जाड लोकर, तुलना बरोबर नाही. तरी त्या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष असलेल्या हुदलीच्या गंगाधरराव देशपांड्यांनी आमच्याकडून पावती फाडली नसती, एवढं खरं.

त्या ठरावात एक अट होती, तिच्याकडे तेव्हा आम्ही लक्ष दिलं नाही : सूत एकसारखं कातलेलं हवं.

२७ डिसेंबर

ताणा धरला. सगळ्यांचं सूत ताण्यात यायला हवं अशी सगळ्यांचीच इच्छा, म्हणून लड्या येतील तशा लावत गेलो. गच्चीवर खुंट्या ठोकून ताणा काढला, धागे एकमेकांना ओलांडतात त्या फुलीत काठ्या घातल्या. दिसायला सुंदर. फोटो भरपूर काढले.

फणी, म्हणजे ताण्याचे धागे ज्याच्या घरांतून जातात तो कंगवा, मागासोबतचीच, इंचाला २० घरांची. एक घर सोडून एक धागा घेतला की इंचाला १० होतात, असा हिशेब. वहीतून (धागे वर-खाली करणाऱ्या दोऱ्यांच्या फासांतून) आणि फणीतून ४४० धागे ओवायला दोघी दोघी करून बसलो.

३ जानेवारी २०२६

आज काही धड झालं नाही.

पहिली गोष्ट फणी. एक घर सोडलं तरी ज्या घरातून धागा जातो ते घर तेवढंच अरुंद राहतं. फणी बसवलेली चौकट, म्हणजे हत्या, पुढे-मागे झाला की प्रत्येक ठोक्याला लोकर खरवडली जायची. फणीच्या मागे बुरशीसारखी पिसं साठली. काका म्हणाले, "फणी बारीक हाय गे, लोकर म्हंजे कापूस न्हवं." त्यांनी हे ओवायच्या दिवशीच सांगितलं होतं. तेव्हा फोटो चालू होते.

फणी बदलून भागलं असतं. दुसरी गोष्ट मोठी होती. चार बोटं विणून झाल्यावर ताणा मध्येच झोळ खायला लागला. काही धागे तंग, त्यांच्या शेजारचे लोंबते. पीळ जास्त असलेलं सूत ताणत नाही, सैल पिळाचं सूत ओढलं की लांबतं. बारीक धागे तुटतात, जाड धागे शेजाऱ्याला घासून तोडतात. तुटलेला सांधायचा, तोवर पलीकडचा तुटतो. संध्याकाळपर्यंत वीतभरही झालं नाही, आणि झालं होतं त्यात फटी.

कापून टाकायचा की ओढत न्यायचा, यावर बरीच वादावादी. ज्यांचं सूत तुटत होतं त्यांना कापायचं होतं, ज्यांचं तुटत नव्हतं त्यांना नव्हतं.  शेवटी काकांनी कात्री घेतली. चांगले लांब तुकडे बाण्यासाठी काढून ठेवले, बाकी उशीत भरलं.

१० जानेवारी

सूत निवडायची पद्धत, नीट सांगते, कारण हे आधी केलं असतं तर महिना वाचला असता.

एक मीटर फेऱ्याचा फाळका (सूत गुंडाळायची चौकट) घ्या. प्रत्येकीच्या सुताचे २० फेरे गुंडाळा, म्हणजे २० मीटर. ते स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. आमच्याकडे हे वजन ९ ग्रॅमपासून २४ ग्रॅमपर्यंत आलं. म्हणजे एकीचा धागा दुसरीच्या अडीचपट जड, आणि दोन्ही आम्ही शेजारी शेजारी ताणले होते. डोळ्यांना एवढा फरक दिसत नाही. लोकर फुगलेली असते, त्यामुळे सैल धागाही जाड भासतो. काटा फसत नाही.

तीन ढीग केले. १२ ते १५ ग्रॅम ताण्याला. त्याहून जाड ते बाण्याला. त्याहून बारीक ते दुहेरी करून बाण्याला. ताण्याच्या ढिगात बसलं साधारण ८०० मीटर, तेही तिघींच्या हातचं. उरलेलं त्या तिघींनीच कातायचं ठरलं.

दुसरी तपासणी पिळाची. गटातली एक मुलगी डावखुरी. ती टकळी उलटी फिरवते, म्हणून तिच्या सुताचा पीळ उलटा. धागा उभा धरला की बाकीच्यांच्या पिळाच्या रेघा खालून वर उजवीकडे जातात, तिच्या डावीकडे. सूत तिचं उत्तम, वजनाला एकसारखं. पण ताण्यात तुटलेला धागा सांधताना आपण सवयीच्या दिशेनं बोटांत वळतो. तिच्या धाग्यावर तसं वळलं की आहे तो पीळही उलगडतो आणि सांधा सुटतो. मागच्या शनिवारी काही सांधे पुन्हा पुन्हा का सुटत होते, ते आज कळलं. तिनं सुलट्या दिशेनं कातायचं का, असंही कुणी सुचवलं. नको म्हटलं. तिचं सूत कुठे वापरायचं ते आम्ही शोधू.

ह्या निवडीनं दोघीजणी नाराज झाल्या. "आमचं सूत आडवंच का?" एक वहिनी तर पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत. गटानं काम करायचं असेल तर काट्यावर वजन सगळ्यांसमोर करा, आणि सूत कातायच्या आधीच सांगा की ताण्याला थोड्यांचंच जाईल. नंतर सांगितलं की ते निकालासारखं लागतं.

नवी फणी, इंचाला १० घरांची, करून आणली. १,१०० रुपये.

१७ जानेवारी

संक्रांतीला घोंगडी पसरून तिळगूळ वाटायचा, असा मूळ बेत होता. तिळगूळ सतरंजीवर वाटला.

पाजणी, म्हणजे ताण्याला खळ लावणं. चिंचोके भाजायचे, रात्रभर भिजवायचे, टरफलं काढायची, वाटायचे, पाण्यात शिजवून खळ करायची. ताण्याला पाव किलोभर चिंचोके लागले. चिंचोके घरोघरचे, खर्च नाही. खळीनं धाग्यावरची पिसं बसतात आणि धागा फणीचा घासा सोसतो. लोकरीचा एकेरी ताणा खळीशिवाय टिकत नाही.

ताणा गल्लीत दोन खांबांमध्ये ताणला. गल्ली मोकळी मिळावी म्हणून सकाळी सहालाच सुरुवात केली. बेळगावात जानेवारीत सहाला काय असतं ते आम्हाला ठाऊक असायला हवं होतं. धुकं. खळ वाळेना. ओल्या खळीत शेजारचे धागे एकमेकांना चिकटले आणि ऊन येईपर्यंत तसेच वाळून पट्ट्या झाल्या. मग त्या पट्ट्या बोटांनी सोडवणं. आजी कडेला खुर्ची टाकून बसल्या होत्या, म्हणाल्या, "उन्ह डोक्यावर आल्याबिगर कुंचा हातात धरायचा न्हाई."

दुपारी राहिलेल्या भागाला पातळ खळ लावली. एकानं पुढे खळ लावत जायचं, मागून दुसऱ्यानं कुंचा एकाच दिशेनं फिरवायचा, तिसऱ्यानं फुलीच्या काठ्या सरकवत धागे सुटे ठेवायचे. तासाभरात वाळलं. स्कूटरवाल्यांसाठी ताणा उचलून धरायला दोन पोरं लागतात, ती आधीच ठरवून ठेवा. उरलेली खळ ठेवू नका, दुसऱ्या दिवशी वास मारते. पावसाळ्यात तर हे काम काढूच नका. आमच्याकडे जूननंतर कितीतरी दिवस ऊनच पडत नाही, खळ लावलेल्या ताण्यावर बुरशी धरते.

३१ जानेवारी

माघी पौर्णिमा उद्या, निम्मा गट चिंचलीला मायाक्काच्या यात्रेला. काम नाही.

७ फेब्रुवारी

विणायला सुरुवात, आणि ताणा उभा राहिला. म्हणजे तुटतो, पण मधूनमधून. झोळ नाही. पहिल्या दुपारी दीड वीत झाली.

बाण्याचा प्रश्न आता पुढे आला. एकीच्या सुताची कांडी संपून दुसरीची लागली की कापडात पट्टा दिसतो : इथे दाट, तिथे विरळ, रंगाचीही छटा वेगळी. आजींनी उपाय सांगितला तो सोपा आहे. दोन धोटे (ताण्यातून बाण्याचं सूत नेणारे) घ्यायचे, दोघींचं सूत. दोन फेऱ्या एकीच्या, दोन दुसरीच्या. फरक सगळीकडे सारखा विखुरतो आणि डोळ्यांत भरत नाही. आमच्या मागाला धोटा फेकायची दोरी एकाच धोट्याची, म्हणून ती सोडून दिली आणि धोटे हातानं टाकले. वेग निम्म्यावर आला. पण आता प्रत्येक वीतभर कापडात चौघी-पाचजणींचं सूत येतं. नाराज वहिनी हे बघून परत यायला लागल्या. त्यांचं जाड सूत बाण्यात फार छान भरतं, ताण्यात ते वाया गेलं असतं.

डावखुऱ्या मुलीचं सूत ह्या मिसळीत घातलं तर उलट्या पिळावर उजेड वेगळा पडतो आणि बारीक रेघ उठते. ती रेघच दोन्ही टोकांना घ्यायची ठरवली : चार बोटं फक्त तिच्या सुताची. काळ्यावर काळाच पट्टा, पण तिरक्या उजेडात स्पष्ट दिसतो.

२१ फेब्रुवारी

निम्म्याच्या पुढे. काठाचे धागे फार तुटतात, कारण प्रत्येक फेरीला बाणा तिथे ओढला जातो. घरातलं कापसाचं दुहेरी सूत काठाला दोन्ही बाजूंनी चार-चार धागे बदलून लावलं. तुटणं थांबलं. काका म्हणाले, धुतल्यावर बघू. ते असं म्हणाले की मला आता धडकी भरते.

७ मार्च

काल मागावरून उतरवली. मागावर रुंदी ४४ इंच, उतरवल्यावर ४२. आज अंगणात घंगाळात गरम पाणी आणि साबण घालून खळ काढली आणि पायांनी तुडवली. दोघी दोघी आलटून पालटून, पाणी गार झालं की बदलायचं. दख्खनी लोकर तशी लवकर घट्ट होत नाही, भरपूर तुडवावी लागली. सुकल्यावर ३९ इंच रुंद, २ मीटर २० सेंटिमीटर लांब, वजन १ किलो ६०० ग्रॅम.

काठाचं काकांचं बरोबर निघालं. लोकर आखडली, कापूस आखडला नाही, आणि दोन्ही काठ झालरीसारखे वळले. कापसाचे धागे सुईनं उपसून काढले आणि त्या जागी लोकरीचं दुहेरी सूत ओवलं, त्यात दोन दुपारी गेल्या. काठाला पहिल्यापासून लोकरच दुहेरी करून, पीळ जरा जास्त देऊन लावा.

२१ मार्च

हिशेब. कातरणी आणि भाडं ७५०, ब्रश ८४०, फणी १,१००, धनुकलीची तात आणि रिठे २१०, मागाचे दोन तुटलेले भाग सुताराकडून ४५०. एकूण ३,३५० रुपये. यातली फणी आणि मागाची दुरुस्ती पुढच्या वेळी पुन्हा लागणार नाही. आमची मजुरी धरली तर ह्या घोंगडीची किंमत कुणी देणार नाही, म्हणून धरली नाही. विकणार का, असं शेजारच्या यंत्रमागवाल्यांनी विचारलं. सांगितलेला भाव ऐकून ते हसले, आम्हीही हसलो.

घोंगडी सोप्यात बैठकीला राहील. पहिले काही दिवस टोचते, बसून बसून मऊ होते असं आजी सांगतात. ताण्याच्या तिघींपैकी एक धारवाडला राहायला चालली आहे, त्यामुळे दिवाळीच्या कातरणीआधी १२ ते १५ ग्रॅमच्या मापात बसणारा आणखी एक हात तयार करायचा आहे. पुढच्या शनिवारपासून सगळ्यांनी २० मीटर कातून काट्यावर ठेवायचं, वही काकांकडे. जावळाची पिशवी अजून तशीच आहे, तिला हात लावण्याआधी ते वजन जुळू दे.